अंगावरून वारं गेल्यावर पुन्हा तोल सावरणं, पुन्हा चालणं: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

घरोघरी जाऊन पक्षाघाताच्या पेशंटना उभं करणं हे माझं रोजचं काम. पहिल्या भेटीत पेशंट फारसं बोलत नाही. प्रश्न घरच्यांचे असतात, आणि ते बहुधा मी दारात चपला घालत असताना, आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले जातात. तेच इथे एकत्र केलेत. कुणी 'वारं गेलं' म्हणतं, कुणी लकवा, कुणी पॅरालिसिस; मी इथे स्ट्रोक म्हणेन. 'लागलेली बाजू' म्हणजे जिची ताकद गेली ती. एक अट मात्र आधीच सांगते: तुमच्या पेशंटला फिजिओने एकदा तरी प्रत्यक्ष पाहिलेलं असावं. वाचून व्यायाम समजतो, पण समोरच्या माणसाचा तोल कोणत्या बाजूला जातो हे वाचून कळत नाही.

बाबा पुन्हा चालतील का?

याचं उत्तर 'देवाच्या हातात' असं देण्याची गरज नाही, बरंचसं सांगता येतं. रक्तवाहिनी बंद होऊन पहिलाच स्ट्रोक झालेल्या आणि सुरुवातीला चालता न येणाऱ्या पेशंटचा नेदरलँड्समध्ये एक अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या ७२ तासांत दोनच गोष्टी पाहिल्या: पेशंट आधाराशिवाय ३० सेकंद बसू शकतो का, आणि लागलेल्या पायात थोडी तरी हालचाल आहे का. दोन्ही असतील तर ६ महिन्यांनी कुणाच्या मदतीशिवाय चालण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही नसतील तर २७ टक्के, आणि नवव्या दिवशीही नसतील तर १० टक्के.

म्हणून मी पहिल्या दिवशी पायाकडे नंतर बघते, आधी पेशंटला पलंगाच्या कडेला बसवते. घरचे म्हणतात, "अहो, पाय हलवून दाखवतात ना ते!" हलवू देत. पाठीचा कणा सरळ ठेवून बसता येणं हा चालण्याचा पाया आहे. आणि १० टक्के म्हणजे शून्य नव्हे, हेही तिथेच सांगते. फक्त अशा घरात तयारी दोन्हींची करावी लागते, चालण्याचीही आणि व्हीलचेअरचीही.

पायात ताकद आलीय, तरी उभे राहिले की कलंडतात. असं का?

तोल सांभाळायला ताकद लागतेच, पण नुसती ताकद पुरत नाही. डोळे, कानाच्या आतलं तोलाचं यंत्र आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाणीव या तिन्हींच्या बातम्या मेंदू एकत्र करतो आणि क्षणाक्षणाला स्नायूंना हुकूम सोडतो. स्ट्रोकनंतर कधी तळपायाची बातमीच वर पोचत नाही, कधी पोचते पण हुकूम उशिरा सुटतो. त्यात पेशंट सगळं वजन चांगल्या पायावर टाकतो, कारण लागलेल्या पायावर त्याचा विश्वास उरलेला नसतो. पायावर वजन नाही म्हणून पाय शिकत नाही, आणि शिकत नाही म्हणून कुणी वजन टाकत नाही.

काही जणांचं निराळंच असतं. विशेषतः डावी बाजू गेलेल्यांत, डाव्या बाजूला काही आहे याचंच भान हरवतं. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, डावा खांदा चौकटीला आपटतो. आणखी थोडे पेशंट असे असतात की चांगल्या हाताने गादी दाबून स्वतःला लागलेल्या बाजूकडे ढकलतात. सरळ बसवलं की त्यांना वाटतं आपण पडतोय. घरचे उलट बाजूने जोर लावतात, तेवढा तो आणखी रेटतो, आणि मग 'हट्टी झालेत' असा शिक्का बसतो. हा हट्ट नसून मेंदूतली 'उभं' आणि 'आडवं' याची समज तिरकी झालेली असते. अशा वेळी ढकलाढकली सोडा. समोर दाराची चौकट किंवा खिडकीचे उभे गज दाखवा, "बाबा, या गजाशी तुमचं नाक जुळवा" म्हणा. डोळ्यांना दिसणारं उभेपण खरं असतं, त्याच्या आधाराने शरीर हळूहळू ऐकतं. या पेशंटना वेळ जास्त लागतो, पण ही ढकलण्याची खोड बहुतेकांची काही महिन्यांत जाते.

व्यायाम कधी सुरू करायचा? दुसऱ्याच दिवशी उभं करायचं का?

लवकर, पण घाई नको. पहिल्या २४ तासांत पेशंटला उठवून भरपूर हालचाल दिली तर काय होतं, हे पाच देशांतल्या ५६ केंद्रांत २,१०४ पेशंटवर तपासलं गेलं. 'अवर्ट' नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, आणि आमच्यातल्या अनेकांना त्यांनी धक्का दिला: पहिल्याच दिवशी जास्त उठवलेल्या गटाची ३ महिन्यांनंतरची स्थिती थोडी वाईट होती. त्याच आकड्यांतून दुसरीही गोष्ट पुढे आली. एकदाच लांबलचक उभं करण्यापेक्षा थोडं थोडं आणि वारंवार उठवणं बरं.

हॉस्पिटलमधले डॉक्टर 'आज बसवा' म्हणाले की बसवायचं. त्या दिवसानंतर मात्र आठ-आठ दिवस पलंगावर झोपवून ठेवायला काही कारण नाही.

तेलाच्या मालिशने पाय येतो ना?

नाही. मालिशने बरं वाटतं, कातडी चांगली राहते, कुणीतरी पाऊण तास आपल्याजवळ बसतं. हे सगळं मोलाचं आहे. पण बिघाड मेंदूत आहे, पिंढरीत नाही. तेल लावाच वाटलं तर लावा, फक्त तळपायाला लावून लगेच फरशीवर उभं करू नका. कबुतराच्या रक्ताबद्दलही दर दोन-तीन घरांमागे एकदा विचारणा होते. त्याचा काहीही उपयोग नाही, आणि त्या नादात जे दोन महिने जातात ते सगळ्यात महत्त्वाचे असतात.

मग नेमके कोणते व्यायाम करायचे?

एका ओळीत सांगायचं तर, जे जमायला हवं तेच करायचं. उभं राहणं हवं असेल तर उभं राहायचं, चालणं हवं असेल तर चालायचं. पलंगावर झोपून पाय वर-खाली करण्याचा उपयोग सुरुवातीपुरता. वर्षभर तेवढंच करणारे पेशंट मी पाहिलेत. झोपून पाय उचलण्यात ते तरबेज झाले होते.

सगळ्यांत आधी खुर्चीतून उठणं आणि बसणं. प्लास्टिकची खुर्ची घसरते, म्हणून लाकडी किंवा लोखंडी घ्या आणि पाठ भिंतीला टेकवा. सोफा नको, त्यात माणूस रुततो. दोन्ही पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायचे, चांगला पाय लागलेल्या पायापेक्षा थोडासा पुढे. असं केलं की उठताना वजन आपोआप लागलेल्या पायावर येतं. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत, आणि तिथून वर. बहुतेक पेशंट पुढे न वाकता सरळ वर उठायला बघतात आणि धपकन मागे बसतात. बसतानाही सावकाश, बसणं हा अर्धा व्यायाम आहे. जमत नसेल तर बैठकीवर घडी केलेली गोधडी घालून उंची वाढवा आणि जसजसं जमेल तसतशी घडी कमी करा. तुम्ही लागलेल्या बाजूला उभं राहायचं, हात धरून ओढायचं नाही. ओढण्याने लागलेला खांदा निखळतो आणि ते दुखणं पुढे महिनोन्‌महिने पुरतं. धरायचं तर कमरेला रुंद पट्टा बांधून, तो धरायचा.

त्यानंतर उभ्याने वजन इकडून तिकडे नेणं. यासाठी स्वयंपाकाच्या ओट्याइतकी चांगली जागा घरात दुसरी नाही: उंची बरोबर, हलत नाही, धरायला कड असते. एका काकूंचं उदाहरण सांगते. "डावीकडे वजन टाका, उजवीकडे टाका" हे त्यांना अजिबात पटायचं नाही. दोनदा करायच्या आणि खुर्चीकडे बघायच्या. एक दिवस सुनेला म्हटलं, डाव्या बाजूच्या फळीवरचे डबे सगळे उजवीकडे मांडून ठेवा. काकूंनी ते पाहिलं मात्र. "पोह्यांचा डबा इथे कुणी ठेवला?" असं म्हणत उजव्या हाताने एकेक डबा उचलून पार डावीकडे पोचवला. तूरडाळ, साखर, रवा, शेंगदाण्याचं कूट. अकरा डबे, आणि प्रत्येक डब्यामागे लागलेल्या डाव्या पायावर पूर्ण वजन. आदल्या आठवडाभरात झाला नव्हता एवढा व्यायाम त्या दहा मिनिटांत झाला. सून दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा उजवीकडे ठेवायची.

पुढची पायरी म्हणजे ओटा धरून आडवं चालणं, खेकड्यासारखं. मग समोर जेवणाचा पाट ठेवून चांगला पाय त्यावर ठेवायचा आणि काढायचा. पाय वर असतो तेवढा वेळ शरीर लागलेल्या पायावर उभं असतं. पाट घसरू नये म्हणून भिंतीला टेकवा. मग पाय जवळ घेऊन उभं राहणं, एकापुढे एक पाऊल ठेवून उभं राहणं, मान वळवून मागे बघणं, मागे चार पावलं जाणं.

आणि चालणं तर रोजच. टाच आधी टेकवायची, लागलेला गुडघा मागे झटका देऊन अडकू द्यायचा नाही. तालावर चालण्याने पावलं एकसारखी पडायला मदत होते, हे अभ्यासांतही दिसलंय. एका घरी मी टाळ्या वाजवत होते तर आजोबा म्हणाले, त्यापेक्षा टाळ आणा. नातवाने टाळ धरला, आजोबांनी स्वतःच भजन लावलं, आणि अंगणातली पावलं प्रथमच सारख्या अंतराने पडली. भजन संथ निवडा. गजर सुरू झाला की पाय मागे राहतात.

व्यायाम थोडा अवघड वाटायला हवा. ओटा घट्ट धरून सहज होतंय तर एका हाताने धरा, तेही सहज होतंय तर दोन बोटांनी. तोल थोडा डगमगला नाही तर तो सावरायचा सराव होणार कसा? पण डगमगताना शेजारी माणूस हवा आणि मागे खुर्ची हवी.

दिवसातून किती वेळा? फिजिओ रोज येतात, तेवढं पुरतं ना?

नाही पुरत, आणि हे मी माझ्याच पोटावर पाय आणून सांगते आहे. अमेरिका-कॅनडातल्या फिजिओथेरपीच्या सत्रांत प्रत्यक्ष बसून पावलं मोजली गेली तेव्हा चालण्याच्या एका सत्रात सरासरी ३५७ पावलं भरली. मेंदूत बदल घडवायला प्राण्यांवरच्या प्रयोगांत हजाराच्या घरात पावलं लागली होती. मी पाऊण तास येते. जागेपणीच्या उरलेल्या तेरा-चौदा तासांत तुम्ही काय करता यावर पुष्कळ अवलंबून आहे.

उठण्या-बसण्याचं मी असं सांगते: प्रत्येक चहा, प्रत्येक जेवण, प्रत्येक जाहिरातींचा ब्रेक यांच्या आधी पाच वेळा उठा-बसा. दिवसाअखेरी चाळीस-पन्नास होतात आणि 'व्यायाम केला' असं वाटतही नाही. चालण्यासाठी एका वेळी पाच मिनिटांपासून सुरुवात, मग वाढवत नेणं. दम इतपत लागावा की बोलता येईल पण गाता येणार नाही. भजनवाल्या आजोबांना हे माप लागू पडलं नाही, ते सोडा.

ब्युरोच्या मावशी ठेवल्यात. आम्ही आणि त्या मिळून करून घेतलं तर फिजिओची गरज आहे का?

हाच प्रश्न भारतात मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. 'अटेंड' नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० पेशंट होते. अर्ध्यांच्या घरच्या एका माणसाला व्यायाम करून घ्यायला शिकवलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. २०१७ मध्ये निकाल आला. ६ महिन्यांनी दोन्ही गटांत परावलंबी झालेल्यांचं आणि दगावलेल्यांचं मिळून प्रमाण सारखंच, सुमारे ४७ टक्के.

यावरून घरचे कुचकामी आहेत असं कुणी म्हणू नये. माझा अर्थ साधा आहे: थोडे दिवस शिकवून बाकी सगळं कुटुंबावर सोपवणं पुरत नाही. व्यायामाची पायरी कधी वाढवायची, चुकीची लकब कुठे पडतेय, हे पाहायला प्रशिक्षित डोळा मधूनमधून लागतो. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा बोलवा आणि पुढच्या सात दिवसांचं लिहून घ्या.

घरच्यांची आणि मावशींची खरी चूक निराळीच असते. माया. बाबांनी पाण्याकडे नुसतं पाहिलं की पेला हातात. संडासला जायचं म्हटलं की दोघं दोन बाजूंनी काखेत हात घालून उचलून नेतात, पाय फरशीला लागतात न लागतात. दिवसात पाच-सहा वेळा चालण्याची जी संधी आयती येते, ती अशी जाते. पाण्याचा तांब्या चार पावलांवर ठेवा.

शहरात ट्रेडमिल, रोबोट असलेली सेंटर आहेत. तिथे नेलं नाही तर नुकसान होईल का?

२०११ मध्ये अमेरिकेतली 'लीप्स' ही चाचणी आली, ४०८ पेशंटची. एका बाजूला पट्ट्यांनी वजन पेलून ट्रेडमिलवर चालवणं, दुसऱ्या बाजूला फिजिओने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षअखेर एकूण ५२ टक्के पेशंटचं चालणं वरच्या पायरीवर गेलं होतं, आणि यंत्र की घर याने फरक पडला नाही. म्हणजे ओटा आणि खुर्ची यांना कमी लेखू नका.

यंत्रं फालतू आहेत असंही नाही. रोबोटची मदत सर्वांत जास्त होते ती पहिल्या ३ महिन्यांत अजिबात चालता न येणाऱ्यांना. साधं ट्रेडमिल उलट ज्यांना चालता येतं त्यांचा वेग वाढवायला बरं. दहा पावलं स्वतः टाकणाऱ्या माणसाला रोबोटमध्ये बांधून महिनाभराचं पॅकेज विकत असतील, तर ते पैसे बाथरूममध्ये कठडे बसवायला वापरा.

काठी कोणत्या हातात? वॉकर बरा की काठी?

चांगल्या हातात. क्रम: आधी काठी, मग लागलेला पाय, मग चांगला पाय. उंची मनगटाच्या घडीपर्यंत. आजोबांची जुनी लांब काठी वापरू नका. तोल फार जात असेल तर चार पायांची काठी. वॉकरला दोन्ही हातांची पकड लागते, ती नसेल तर वॉकर तिरका जातो आणि माणूसही.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना लागलेला पाय आधी. सोबतच्याने चढताना मागे, उतरताना पुढे राहायचं.

पाय घासत चालतात, चवडा लोंबतो. स्प्लिंट लावायचा का?

चवडा उचलणारे स्नायू परत यायला पुष्कळदा उशीर लागतो. तोवर पेशंट काय करतो, कंबर वर उचलून पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून आणतो. चवडा धरून ठेवणारा स्प्लिंट, ज्याला एएफओ म्हणतात, लावला की हे बरंच थांबतं, वेग वाढतो आणि अडखळणं कमी होतं. 'सवय लागेल, पाय आळशी होईल' या भीतीने तो कपाटात ठेवणारे बरेच आहेत. घोटा स्वतः उचलायचा सराव स्प्लिंट काढून बसल्या जागी करा, चालताना लावा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे: एएफओ बुटात घालायचा असतो आणि आपण घरात अनवाणी असतो. नुसता प्लास्टिकचा स्प्लिंट गुळगुळीत फरशीवर भयंकर घसरतो. बनवणाऱ्याला तळाला रबर लावायला सांगा, किंवा घरात वापरायला मागे पट्टा असलेले वेगळे सँडल ठेवा. देवघरात बूट नको म्हणणाऱ्या आज्यांची यावर सहसा हरकत नसते. पायाच्या मापाने बनवून घ्या, दुकानातून उचलून आणलेला घोट्याला घासतो आणि तळपायाची जाणीव नसेल तर जखम झालेली कळतही नाही. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, तिथे अशी साधनं मापाने बनतात. आणि स्लिपर, ती अंगठ्यात पकडायची चप्पल, आजच घराबाहेर काढा.

पाय लाकडासारखा कडक होतो. व्यायामाने वाढेल का?

ताकदीच्या व्यायामाने कडकपणा वाढतो ही जुनी समजूत आहे, तसं होत नाही. उभं राहून घोटा ताणला जाऊ द्या, वजन टाका. अचानक जास्त कडक झाला तर कारण शोधा: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पायाला जखम. तरीही फारच अडत असेल तर कडक स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन मिळतं, पण त्यानंतर व्यायाम केला तरच त्याचा फायदा.

पडले तर काय, या भीतीने आम्ही चालूच देत नाही. चूक आहे का?

भीती चूक नाही. वरच्या लीप्स चाचणीत वर्षभरात निम्म्याहून अधिक पेशंट एकदा तरी पडले. पण न चालणाऱ्याचं पडणं थांबत नाही, ते फक्त पलंग ते संडास एवढ्या वाटेवर होतं.

सरळ चालताना पेशंट कमी पडतात, वळताना जास्त. खुर्चीत बसायला गर्रकन वळतात, लागलेला पाय जागेवरच राहतो आणि अंग पुढे जातं. वळणं वेगळं शिकवावं लागतं: घड्याळाच्या काट्यासारखी चार-पाच छोटी पावलं, मग मांड्यांना मागे खुर्ची लागली की बसणं. दुसरी जागा उंबरठा. जुन्या घरांत तो चार-सहा इंच असतो. त्यावर पांढरा किंवा पिवळा पट्टा रंगवा आणि शेजारी भिंतीला धरायला कठडा लावा. तिसरी मोरी. साबणाचं पाणी, खाली बसायचा चौरंग आणि ओलं पायपुसणं, तिन्ही एकत्र. चौरंगाऐवजी रबरी पायांची प्लास्टिकची उंच खुर्ची, आणि पायपुसणी घरभरातली सगळी काढून टाका. जुन्या बसायच्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवता येते. रात्री दिवा चालू राहू द्या: पायाची जाणीव गेलेला माणूस डोळ्यांनी तोल सांभाळतो, अंधार झाला की तो आधारही जातो. नऊवारी किंवा धोतराचा सोगा पायात येणार नाही हे बघा.

पडल्यावर जमिनीवरून कसं उठायचं हे पडण्याआधी शिकवून ठेवायला हवं. चांगल्या कुशीवर वळणं, कोपरावर, मग गुडघ्यांवर, खुर्चीवर हात, चांगला पाय पुढे. गोधडी अंथरून फिजिओबरोबर चार वेळा केलं की पेशंटच्या चेहऱ्यावरची धास्ती उतरलेली दिसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर 'बरं वाटतंय' म्हणाले तरी दवाखान्यात न्या.

बीपी आणि शुगर आहे. व्यायाम कधी करू नये?

माझा नियम: बसलेलं बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, दम खाली न बसणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, ताप, पिंढरी एकाएकी सुजून दुखणं, यातलं काही असेल तरीही नाही. हृदयाचा आजार असेल तर किती करायचं हे हृदयाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेहींनी उपाशीपोटी नको. व्यायाम करताना श्वास रोखून जोर लावायचा नाही, आकडे मोठ्याने मोजले की श्वास आपोआप सुटतो.

तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं पुन्हा दिसलं तर आराम करून बघू नका. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ साडेचार तासांची असते, आणि त्यात हॉस्पिटलला पोचून सीटी स्कॅनही व्हायचा असतो. लक्षण दिसलं ती वेळ लिहून घ्या आणि निघा.

सहा महिने होऊन गेले. आता काय उपयोग?

सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, हे खरं. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये मोठ्या संख्येने पेशंटवर लक्ष ठेवलं गेलं तेव्हा ९५ टक्क्यांचं चालणं ११ आठवड्यांत जिथवर पोचायचं तिथवर पोचलेलं दिसलं. पण तो आकडा आपोआप आणि नेहमीच्या उपचारांनी काय होतं याचा. लीप्समध्ये एका गटाचं ट्रेडमिल प्रशिक्षण मुद्दाम ६ महिन्यांनी सुरू केलं होतं, आणि तोही गट वर्षअखेर बाकीच्यांच्या बरोबरीला आला. वर्षांनंतर सुरू केलेल्या तोलाच्या आणि चालण्याच्या व्यायामानेही वेग आणि तोल सुधारतो, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलंय. पूर्वीसारखं होईल असं मी सांगत नाही. मोरीपर्यंत स्वतः जाणारी व्यक्ती फाटकापर्यंत जाईल, असं सांगते.

व्यायाम म्हटलं की रडतात, चिडतात. आळस आहे का?

स्ट्रोकनंतर जवळजवळ तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. ते औषधाने बरं होतं, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा. काहींना मनात दुःख नसतानाही रडू फुटतं, तो मेंदूतल्या इजेचा भाग. स्ट्रोकचा थकवाही वेगळा असतो, दोन भांडी उचलून झोप यावी असा. अशांचा व्यायाम सकाळी, तुकड्या-तुकड्यांत. आणि कृपा करून पाहुण्यांसमोर "चालून दाखवा बरं" म्हणू नका.

सुधारणा होतेय की नाही, कसं कळणार?

रोज बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून मोजा. गच्चीत किंवा व्हरांड्यात खडूने १० मीटरची रेघ मारा, आधी-नंतर थोडी मोकळी जागा ठेवा, आणि मोबाइलवर वेळ घ्या. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर चालणं घरापुरतं आहे असं समजा. १२-१३ सेकंदांच्या आत आले की बाहेर फिरण्याइतका वेग आला. दर पंधरा दिवसांनी कॅलेंडरवर आकडा लिहा. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो तेही मोजता येतं, त्यात वळण असल्यामुळे तोल कळतो. तुमचे फिजिओ 'बर्ग' म्हणत असतील तर ती १४ कामांची, ५६ गुणांची तोलाची परीक्षा. एका-दोन गुणांच्या फरकाने हुरळू नका, खचूही नका.

एकट्याने बाहेर कधी सोडायचं?

१० मीटरचा आकडा ठीक झाला, वळणं नीट झाली, दोन-चार पायऱ्या जमल्या की मी आणखी एक गोष्ट बघते: चालता चालता बोलता येतं का. शेजारून चालताना सहज विचारते, "आज जेवायला काय?" पेशंट उत्तर द्यायला थांबला, तर चालण्यातच अजून त्याचं सगळं लक्ष गुंतलेलं आहे. रस्त्यावर हॉर्न, कुत्री, ओळखीचा माणूस, सगळे एकदमच येतात. मग घरातच सराव करायचा: चालताना नातवंडांची नावं घेणं, शंभरपासून तीन-तीन कमी करत मोजणं, हातात पाण्याचा अर्धा पेला.

सुरुवात शतपावलीने करा. रात्रीची नको, संध्याकाळी उजेडात, सोबत कुणीतरी दहा पावलं मागे. भजनवाले आजोबा आता पारापर्यंत जातात, तिथे त्यांची मंडळी बसलेली असते. मध्ये एक वळण आहे, गटारावरची फरशी आहे. परवा त्या फरशीवर असताना खिशात फोन वाजला. मी मागे होते. त्यांनी फोन वाजू दिला, फरशी ओलांडली, कडुनिंबाला पाठ टेकली आणि मग उचलला. "चालत होतो," म्हणाले, "बोल आता."